ग्रंथातलं की घरातलं?

आमच्या विषयाला मुली कशा मिळायच्या, ते आधी सांगते. जूनमध्ये प्रवेशाच्या खिडकीपाशी बाप मुलीला घेऊन उभा राहायचा. कॉमर्स भरलेलं, मानसशास्त्र भरलेलं. खिडकीच्या आत आमचे हेडक्लार्क कदमभाऊ. ते चष्म्यावरून बघत म्हणायचे, "तत्त्वज्ञान आहे शिल्लक." बाप विचारायचा, "त्याच्यात काय असतं?" त्यात काय असतं हे कदमभाऊंना माहीत नव्हतं, पण बापाला काय हवं असतं ते पक्कं ठाऊक होतं. "देवाधर्माचंच असतं हो. संस्कार वगैरे." बापाचा चेहरा खुलायचा. एकानं तर मला जिन्यात गाठून विचारलं होतं, "मॅडम, ह्याच्यात बाहेर कुठं जावं लागत नाही ना? सहल, कंपनीत ट्रेनिंग, असलं काही?" म्हटलं, "नाही, सगळं बसल्या जागी." तो मुलीकडे वळून म्हणाला, "मग ठोक सही."

भिवंडीत अठ्ठावीस वर्षं मी हा बसल्या जागचा विषय शिकवला. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. माहेर खारबावचं. वडील रेल्वेत गँगमन होते. भिंतीवर दोन फोटो, त्यांच्याखाली माझा अभ्यासाचा पाट. पोरीला शिकवायचं हे आमच्या घरात ठरलेलंच होतं, त्याच्यावर चर्चा नव्हती. तेव्हा मला कुणी अडवलं, छळलं, असं काही नाही. तरी मी भित्री निघाले. कशी काय, देव जाणे. समोर थांबलेला ट्रकसुद्धा मी आधी ड्रायव्हरचा चेहरा बघून मगच ओलांडते. वर्गात मात्र मोठी धीट. घंटा झाली, खडू खाली ठेवला की धीटपणाही खाली.

शिकवायची आमची तऱ्हाही वेगळी. कॉलेजच्या मागच्या भिंतीला लागून लूमचा कारखाना. दिवसभर खटाखट, खटाखट. त्यामुळे आम्ही सगळे प्राध्यापक ओरडून शिकवायचो. लाइट गेली की सगळे लूम एका झटक्यात बंद पडायचे आणि तुमचा आवाज अख्ख्या मजल्यावर घुमायचा. एकदा मी आत्म्याचं अमरत्व समजावून सांगत होते, "शरीर गेलं, शरीर गेलं," आणि नेमकी लाइट गेली. शेजारच्या वर्गातले सर धावत आले, कोण गेलं म्हणून.

तर तिसऱ्या वर्षाला एक प्रकरण होतं. बाईची जागा कोणती, तिचे हक्क कोणते, याबद्दल तत्त्वज्ञ काय म्हणाले. नावं मी इथे देत नाही, तुम्हाला काही परीक्षेला बसायचं नाही. एक जुना ग्रीक म्हणाला, राखणीच्या कुत्र्यांत आपण नर-मादी बघत नाही, दोघांनाही राखणीला सोडतो, मग राज्य राखायला बाई का नको? त्याचाच शिष्य म्हणाला, बाईला बुद्धी आहे, पण तिच्या बुद्धीला अधिकार नाही. म्हणजे गाडी तिची, चावी नवऱ्याकडे. पुढे युरोपात एक स्वातंत्र्याचे गोडवे गाणारा झाला. तो म्हणाला, बाईचं सगळं शिक्षण पुरुषाला सुखात कसं ठेवावं एवढ्यासाठी असावं. एका जर्मनानं सांगितलं, इतकी शिकते तर तिनं दाढीच लावावी. एक इंग्रज तेवढा बरा निघाला. तुम्ही बाईला पिढ्यान्‌पिढ्या दाबून वाढवलंत, आता तिचा मूळचा स्वभाव कसा ते तुम्हाला कळणार कुठून, असं त्यानं विचारलं. त्याच्याही आधी त्याच देशातली एक बाई सांगून गेली होती की आधी आम्हाला शिकवा, मग आमची अक्कल काढा.

आपल्याकडेही आहेच. उपनिषदात एक बाई भर सभेत प्रश्नामागून प्रश्न विचारत सुटते, तेव्हा ऋषी तिला म्हणतो, आता पुढे विचारलंस तर डोकं गळून पडेल. आणि आम्ही ज्यांना वंदन करतो त्या तथागतांनीही बायकांना संघात घ्यायला आधी नाहीच म्हटलं. ज्या मावशीनं त्यांना वाढवलं, ती बरोबरच्या बायकांना घेऊन इतकी लांब चालत आली की तिचे पाय सुजले, आणि दाराबाहेर रडत उभी राहिली. मग घेतलं, पण बायकांना नियम जास्तीचे लावून. हेही मी वर्गात सांगायची. दुसऱ्यांचं उघडं करायचं आणि आपलं तेवढं झाकायचं, हे मला जमत नसे.

हे सगळं फळ्यावर लिहून दिलं की मुली ते वहीत उतरवायच्या आणि विसरायच्या. म्हणून मी डबा काढला. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. प्रत्येकानं घरी बाईमाणसाबद्दल ऐकलेलं एक वाक्य चिठ्ठीवर लिहून आणायचं, नाव घालायचं नाही. तत्त्वज्ञांची वाक्यं मी आपल्या घरगुती मराठीत आणायची, जड शब्द काढून टाकायचे. मग सगळी वाक्यं मी माझ्या हातानं एकसारख्या कागदांवर उतरवायची, म्हणजे अक्षरावरून कुणी ओळखायला नको. वर्गात एकेक चिठ्ठी काढून वाचायची आणि विचारायचं, "ग्रंथातलं की घरातलं?" वर्ग ओरडून उत्तर देणार, आणि हमखास चुकणार. त्या स्वातंत्र्यवाल्याचं वाक्य वाचलं तेव्हा नाझिया नावाची विद्यार्थिनी बाक वाजवत म्हणाली, "मॅम, ये तो पक्का मेरी फूफी है!" फूफी म्हणजे आत्या. मी त्याच्या देशाचं नाव सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "वहाँ भी फूफी होती है?"

या डब्याचा मला फार गर्व होता. तपासणीला समिती आली की प्राचार्य मुद्दाम मला डबा घेऊन वर्गावर पाठवायचे. साहेबमंडळी पोट धरून हसायची. मीही मान डोलावून हसायची. आता त्या हसण्याची लाज वाटते.

रोशनी त्या वर्गातली. दापोड्याच्या पलीकडे गाव. वडिलांची भातशेती होती, ती गोदामवाल्यांना भाड्यानं दिलेली. भावाचे दोन ट्रक. रोशनी आणि तिची चुलत बहीण निकिता दोघी एकाच रिक्षानं यायच्या, एका बाकावर बसायच्या. निकिता बोलकी, हसरी, पोटात काही न ठेवणारी. रोशनी गप्प, पण बोलली की अख्खा वर्ग मान वळवायचा. ग्रीकाच्या कुत्र्यांची गोष्ट सांगितली तेव्हा ती उठून म्हणाली, "मॅडम, आमच्या गोदामावर पण कुत्रीला राखणीला सोरतात. मलाच न्हाय सोरत." वर्ग खळखळून हसला. मावशीच्या सुजलेल्या पायांची गोष्ट ऐकून तिनं एवढंच विचारलं, "पाय सुजले, पण पोचली ना?" म्हटलं, "पोचली." ती बसली.

तिचं लग्न ठरत होतं, हे मला निकितानंच सांगितलं होतं. परीक्षा झाली की हळद. रोशनीला पुढे शिकायचं होतं. एकदा स्टाफरूमबाहेर ती मला म्हणाली, "एवढा शेवटचा वर्ष पदरात परू दे मॅडम. पदवी हातात असली की मी कुठं पण उभी ऱ्हाईन." मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "हो हो, होईल सगळं नीट." असं आपण म्हणतो ना, तसं.

त्या वर्षी डब्यात तिची चिठ्ठी आली. नाव नव्हतं, पण अक्षर मी ओळखलं. वाक्य तिच्या वडिलांचं होतं, हे मला नंतर कळलं. "उंबऱ्याचे बाहेर गेली तं पाय तोरीन, न् पाय तेवरा घरान ठेवीन. बाकीची जाऊं दे कुठं जायची तं."

वाचल्याबरोबर मला काय वाटलं असेल? भीती? छे. मला आनंद झाला! काय वाक्य आहे, म्हटलं. नुसता पाय घरात ठेवणार, बाकीची जाऊ दे! एकाही तत्त्वज्ञाला असं सुचलेलं नाही. मी ते माझ्या अक्षरात उतरवलं, पण बोली तशीच ठेवली. ग्रीकांना मी घरगुती मराठीत आणलं होतं, तसं हे वाक्यही पुस्तकी मराठीत न्यायला हवं होतं. नाही नेलं. चव जाईल म्हणून. चव! एका पोरीनं घरातली धमकी माझ्या हातात दिली आणि मी तिची चव बघत बसले. पोरी, हे कोण म्हणालं, कशावरून म्हणालं, तुला काही भीती आहे का, असं एका शब्दानं तिला विचारलं नाही.

वर्गात मी ते वाचलं, वर तसा हेलही काढला. खारबावची आहे मी, तो हेल माझ्या कानात लहानपणापासून आहे. सगळे एका आवाजात ओरडले, "घरातलं!" हशा पिकला. निकिता तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. रोशनी हसली नाही. खाली मान घालून पेनचं टोपण काढत-लावत बसली होती. मला ते दिसलं, आणि मी पुढची चिठ्ठी काढली.

दुसऱ्या दिवशी दोघीही आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी निकिता एकटी आली. डोळे सुजलेले. मी तिला कोपऱ्यात घेतलं. तिनं सांगितलं ते असं. मी ती चिठ्ठी वाचली त्याच संध्याकाळी जेवताना तिनं घरात हसत हसत सांगितलं होतं, "आज मॅडमनी वर्गान डिट्टो काकासारका बोलून दावला." बस, एवढंच. तिच्या मनात काही नव्हतं. तिच्या वडिलांनी ते आपल्या भावाला, म्हणजे रोशनीच्या वडिलांना सांगितलं, त्यांनी मुलीला विचारलं. "कॉलेज बंद झालाय तिचा," निकिता म्हणाली. "परीक्षा पन न्हाय. हलद आदीच लावतील." मी विचारलं, "मारलं का गं?" ती म्हणाली, "मना माहीत न्हाय. खोलीची कडी बाहेरून हाय."

त्या दिवसापासून माझ्या डोळ्यांपुढून पाय हलेना. बाकी काही दिसायचं नाही, नुसता पाय. चहा घेताना, हजेरी घेताना. वर्गात पोरी आत यायच्या तर मी चेहऱ्यांआधी पाय बघायची. अक्षर लपवलं म्हणून मी केवढी हुशार समजत होते स्वतःला! माणूस काय नुसता अक्षरावरून ओळखू येतो?

त्यानंतर चौथ्या दिवशी मी रोशनीच्या घरी गेले. धीर आला म्हणून नव्हे. न जाण्याची भीती जाण्याच्या भीतीपेक्षा मोठी झाली म्हणून. काल्हेरकडून शेअर रिक्षा घेतली. दोन्ही बाजूंनी कंटेनर, मध्ये आमची रिक्षा, धुळीनं समोरचं दिसेना. गोदामांच्या रांगा संपल्या तिथे गाव. वाटेत मी काय काय बोलायचं ते पाठ करत होते. मुलीचा हक्क, कायदा, सज्ञान वय, सगळं पाठ. तिला वीस पूर्ण झाली होती.

वडील ओटीवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. सडपातळ, पांढरी मिशी, अंगात बनियन. मला बघून उठले, शर्ट घालून आले. आरडाओरडा करतील अशी माझी तयारी होती. पण ते फार आदबीनं वागले, त्यानं मी जास्तच घाबरले.

"बसा मॅडम. पानी आन गं."

रोशनीची आई पाणी घेऊन आली. माझ्याकडे न बघता तांब्या ठेवून गेली. आतल्या दाराला पडदा होता, जमिनीपासून वीतभर वर. मी पाणी प्यायच्या निमित्तानं मान खाली घातली. पडद्याखाली पाय दिसले. एक, दोन. दोन्ही पाय उभे होते. मला पाण्याचा ठसका लागला.

"सावकास," ते म्हणाले. मग मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "निकी सांगत व्हती, तुमी माजा बोलना वर्गान वाचला. सगली पोरा हसली म्हनं."

सगळं पाठ केलेलं कुठच्या कुठे गेलं. कायदा गेला, हक्क गेला. तोंडातून निघालं ते हे: "तुमचं? छे हो! ते तुमचं नव्हतं. ते ग्रंथातलं आहे."

"ग्रंथातला?"

"हो. ग्रीस देशातला एक मोठा विद्वान होता. त्याचं वाक्य. मी मुलांना समजावं म्हणून आपल्या बोलीत सांगितलं."

"पायाचा?"

"पायाचं."

"किती जुना मानूस हा?"

"दोन-अडीच हजार वर्षं झाली."

मी त्यांच्या हातांकडे बघत होते. मग त्यांनी मांडीवर थाप मारली आणि आत बघून मोठ्यानं म्हणाले, "आयकलास का गं? अडीच हजार वर्सांपूर्वीचा मानूस पन माजेसारकाच बोलं! मी काय येगला सांगलाय?" मग माझ्याकडे वळून, "तुमी तं चांगलाच शिकवतंव मॅडम. मना वाटला, कायतरी भलताच भरवतंव पोरींचे डोक्यान. जाऊं दे मंग. परीक्षा देऊं दे. भाऊ सोरील, भाऊ आनील."

पडद्याखालचे पाय तिथेच होते. ते जराही हलले नाहीत.

रिक्षात बसले तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू? पोरगी धडधाकट आहे, परीक्षा देणार आहे. खोटं बोलले, पण काम झालं. काल्हेर आलं तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की मी काय करून बसले. वर्षानुवर्षं मी पोरींना सांगत होते की ग्रंथात आहे म्हणून खरं मानू नका. आणि वेळ आली तेव्हा एका बापाच्या धमकीला मीच ग्रंथात नेऊन बसवलं. तिच्या देखत. ती पडद्यामागून ऐकत असताना.

चार महिन्यांनी परीक्षा सुरू झाली. रोज भाऊ मोटारसायकलवरून तिला सोडायचा आणि पेपर संपेपर्यंत फाटकासमोरच्या टपरीवर बसायचा. ती रोज माझ्यासमोरून जायची. मी पाय बघायची. ती मला बघायची नाही.

शेवटचा पेपर आमच्या विषयाचा. त्या सकाळी ती वेळेच्या बरीच आधी आली आणि सरळ माझ्यापुढे उभी राहिली.

"मॅडम, मागचा गेट उघडा असतो का?"

मागचं फाटक लूमच्या गल्लीत उघडतं. "परीक्षेला कुलूप असतं," मी म्हटलं. खरंच असतं.

"बरं," ती म्हणाली. मग पर्समधून घडी केलेला कागद काढला. "ही चिठ्ठी डब्यात टाका. माझी हाय. घरातल्या कुनाची न्हाय." पर्स बंद करत म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी घाबरलात ना मॅडम? मी समजले. मी तं रोजच घाबरते. मना फक्त वाटायचा, एवढा शिकलेली मानसं घाबरत नसतील."

ती वर्गात गेली. मी चिठ्ठी उघडली नाही, उघडायची हिंमतच झाली नाही. ब्लाउजमध्ये खोचली आणि कदमभाऊंकडे गेले.

"भाऊ, मागच्या फाटकाची चावी द्या जरा."

"कशाला?"

"गाडी काढायची आहे."

कदमभाऊंनी चष्म्यावरून बघितलं. माझ्याकडे गाडी नाही, हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. मला तर सायकलसुद्धा येत नाही. त्यांनी ड्रॉवर उघडून चावी टेबलावर ठेवली आणि समोरच्या फायलीत डोकं घातलं. कदमभाऊ आता नाहीत, म्हणून हे लिहू शकते.

चावी मी दोनदा उलटी घातली. शेवटी गेली. कुलूप उघडून मी ते कडीलाच लटकत ठेवलं, लांबून लावल्यासारखं दिसेल असं. रोशनीला मी काही सांगितलं नाही. पेपर चालू असताना तिच्या बाकाजवळून जाताना फक्त चावी पदरातून तिला दिसेल अशी धरली. तिनं वर बघितलं, आणि पुन्हा लिहायला लागली. पुरवणी मागितली. शेवटची घंटा होईपर्यंत लिहीत होती.

अर्ध्या तासानं भाऊ फाटकातून आत आला. "रोशनी कुठं हाय?" पोरं निघून गेली होती. लूम चालू होते, त्यामुळे माझं काळीज कुणाला ऐकू गेलं नाही.

दोन दिवसांनी वडील कॉलेजात आले. स्टाफरूममध्ये माझ्यासमोर बसले. चारच महिन्यांत माणूस केवढा म्हातारा दिसायला लागला होता! मी टेबलाखाली दोन्ही हात घट्ट धरून बसले. त्यांना कळलंय, असंच मला वाटत होतं. पण ते चावीचं नव्हतेच बोलत.

"ग्रंथान लिवलाय, तुमीच सांगलात ना मना?" ते म्हणाले. "मंग ती गेली कशी? तिला तो धडा शिकवला न्हाय का?"



मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी खरंच पाय तोरला नस्ता वो मॅडम. आमची बोलाची रीत हाय ती. माजा बापूस पन तसाच बोलं."

असेलही. नसेलही. मला आजही सांगता येत नाही, आणि तिला तर मुळीच सांगता येत नव्हतं. एवढ्या पुस्तकांवर मी आयुष्य काढलं, तिथेही हेच ऐकलं. त्या ग्रीकाचं काय, तर त्या काळची रीत. त्या जर्मनाचं काय, तर सगळेच तसं बोलायचे. बोलणाऱ्याला नेहमीच माहीत असतं की आपण पाय तोडणार नाही. जिचा पाय आहे तिला ते कसं कळावं? हे मी त्यांना सांगायला हवं होतं. सांगितलं ते एवढंच, "पाणी घ्या."

पोलिसांत तक्रार झाली. ती सज्ञान आहे, स्वतःहून गेली आहे, असं तिनंच कुठूनसं कळवलं, मग प्रकरण थंडावलं. पण मी थंडावले नाही. फोन वाजला की दचकायची. फाटकासमोर मोटारसायकल थांबली की खिडकीपासून मागे व्हायची. चिठ्ठी मी बरेच दिवस उघडली नाही.

बऱ्याच महिन्यांनी मोबाईलवर अनोळखी नंबरवरून एक फोटो आला. खाली एक शब्द नाही. कुठल्याशा दाराचा उंबरा, उंबऱ्याबाहेर उभे दोन पाय. साध्या चपला, धुळीनं भरलेले, जरासे सुजल्यासारखे. एक, दोन. मी पुन्हा मोजले. स्वयंपाकघरात जाऊन एकटीच रडले. मग मला सुचलं की कुणी माझा फोन बघितला तर? फोटो पुसून टाकला, नंबरही पुसला. आता तिला शोधायचं म्हटलं तरी मला शोधता येणार नाही.

निवृत्तीच्या वर्षी डबा शेवटचा काढला. तोवर मी तिची चिठ्ठी उघडली होती. ती माझ्या अक्षरात उतरवली, आणि या वेळी बोलीही बदलली, चांगल्या पुस्तकी मराठीत नेली. वर्गात वाचली: "बाईनं कसं वागावं हे सगळ्यांनी लिहून ठेवलं आहे. घाबरलेल्या बाईनं काय करावं, हे कुणीच लिहिलेलं नाही."

"ग्रंथातलं की घरातलं?"

वर्ग एका आवाजात ओरडला, "ग्रंथातलं!"

मी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना चूक म्हटलं नाही. पहिल्या बाकावरची एक मुलगी पेन सरसावून बसली होती. "कोणाचं आहे मॅडम? नाव सांगा ना, परीक्षेत येईल." मी खडू खाली ठेवला आणि म्हटलं, "नाव मला आठवत नाही."

इथेही नाव दिलेलं नाही. रोशनी हे तिचं नाव नव्हे, आणि निकिताही निकिता नव्हे. गाव मी हलवलं आहे. पायाच्या वाक्यातले शब्दही बदलले आहेत, या वेळी चव गेली तर गेली. तिचे वडील हयात आहेत. ते असले अंक वाचत नाहीत, पण घरात कुणी ना कुणी वाचतंच. वाचता वाचता तुम्हाला कुणाची आठवण झाली, असंच बोलणारं कुणी ओळखीचं वाटलं, तर हात जोडून सांगते, जेवताना घरात सांगू नका.